शेठ, एमिनेम आणि डावा दरवाजा

जुलै 2024 मध्ये तासगावकडच्या एका बेदाणा व्यापाऱ्यानं स्कॉर्पिओ माझ्या दुकानात घातली. तक्रार एकच होती, एमिनेम या अमेरिकन रॅपरचा नवा अल्बम ऐकवत नाही.

मी गाड्यांना म्युझिक सिस्टिम बसवतो, सांगलीत शंभर फुटी रोडच्या बाजूला. अल्बम आवडला नाही म्हणून गाडी घेऊन आलेलं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघत होतो. "शेठ, अल्बमची तक्रार अमेरिकेत करा, इथं फक्त गाडीची घेतो," असं म्हणालो, पण माणूस हसला नाही. 2000 साली आलेला एमिनेमचा जुना अल्बम 'मार्शल मॅथर्स एलपी' त्याला शब्दन्‌शब्द पाठ. हॉस्टेलवर कॅसेट घासून संपवली म्हणे. आणि आता 12 जुलैला आलेला 'द डेथ ऑफ स्लिम शेडी' लावला, तर "आवाज पोकळ, बेस नाही, म्हातारा झाला गडी". जुना अल्बम याच गाडीत झक्कास वाजतो, असंही ठासून सांगितलं.

सिस्टिम दुसरीकडं बसवलेली, महिनाभरापूर्वी. ॲम्पच्या, म्हणजे स्पीकरला ताकद देणाऱ्या ॲम्प्लिफायरच्या, खोक्यावर 1200 वॅट छापलेलं. आमच्याकडं येणाऱ्या दहातल्या नऊ जणांचा पहिला प्रश्न "किती वॅट?" हाच असतो, आणि खोक्यावर छापतात तो क्षणभराचा कमाल आकडा. ॲम्प तासन्‌तास जेवढं देऊ शकतो ते आरएमएस. याचं दर चॅनलला 75 वॅट होतं, म्हणजे गाडीला भरपूर. हे समजावणं मी सोडून दिलंय. लोकांना आकडा विकत घ्यायचा असतो, घेऊ द्या.

आम्ही अल्बम लावला. माझ्याकडं काम करणारा पोरगा मिरजेतल्या तंतुवाद्य बनवणाऱ्या घरातला. त्याचे आजोबा तंबोऱ्याच्या घोडीवर कानस फिरवून जवारी, म्हणजे तारेचा झणकार, काढायचे. पोरानं तो धंदा सोडला, पण बोटं तीच राहिली. गाणं चालू झालं की तो ऐकत बसत नाही, दोन बोटं दरवाजाच्या पॅनलवर टेकवतो. त्यानं डाव्या दाराला हात लावला, मग उजव्या, आणि मला म्हणाला, "दादा, दोन्ही दारं चालतायत, पण एकमेकांच्या विरुद्ध."

पॅनल काढलं. पावसाळ्यात हे काम म्हणजे वैताग. क्लिपा फुगलेल्या, एखादी तुटतेच, आणि आतला पाणी अडवणारा कागद आधीच्या कारागिरानं फाडून तसाच सोडलेला. दारात ओल. कंपनीचा कपलर कापून तारा पिळल्या होत्या, वर इन्सुलेशन टेप. टेप उन्हात चिकट होते, पावसात सुटते, हे शाळकरी पोरालाही कळतं. बाहेरच्या सिस्टिमच्या वायरिंगला रंगांची सरळ रीत आहे: पुढचा डावा पांढरा, पुढचा उजवा करडा, काळी रेघ असेल ती वजा. इथं पांढरी जोडली होती स्पीकरच्या वजाला.

नऊ व्होल्टची बॅटरी घेऊन तारांना क्षणभर टेकवली. जोडणी बरोबर असेल तर स्पीकरचा कोन, म्हणजे पडदा, बाहेर येतो, उलटी असेल तर आत जातो. हा आत गेला. शेठला खाली वाकवून दाखवलं, कारण तोंडी सांगितलं की बिल वाढवायचा डाव वाटतो.

म्हणजे एक दार हवा ढकलत होतं तेव्हा दुसरं ओढत होतं. बेस तिथंच मरतो. रॅपला याचा सगळ्यात जास्त फटका, कारण गाणाऱ्याचा आवाज, किक (ड्रमचा जाड ठोका), बेस हे सगळं मिक्समध्ये मधोमध ठेवतात, दोन्ही बाजूंना सारखं. एक बाजू उलटी झाली की तो मध उरतच नाही. गाणारा समोरच्या काचेपाशी असल्यासारखा वाटायला हवा, तो कुठल्याच जागी सापडत नाही. बरेच दुकानदार टेस्टला एखादं चकचकीत फिल्मी गाणं लावतात. त्यात दोन्ही बाजूंना इतका पसारा असतो की घोळ झाकून जातो.

तारा फिरवायच्या आधी मी शेठचा 2000 चा अल्बम लावला. तोही तितकाच पोकळ! शेठ मात्र मान डोलवत होते. पाठ असलेला बेस डोक्यातच वाजत होता, गाडीतून यायची गरज नव्हती.

तेवढ्यात शेजारच्या गॅरेजला बुलेट टाकलेली दोन कॉलेजची पोरं आवाज ऐकून आत आली. पाऊस कोसळत होता, बाहेर जो तो कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी किती फुटांवर आलं तेच विचारत होता, त्यामुळं कुणालाच घाई नव्हती. पोरांनी अल्बम फोनच्या स्पीकरवर, तोही बसमधून जाता-येता ऐकलेला, आणि दोघंही फिदा. "काका, टेलर स्विफ्टचा अल्बम बारा आठवडे बिलबोर्डला एक नंबरवर होता, त्यानं खाली खेचला!" शेठ म्हणाले, "खप सांगू नका, खप तर भेसळीच्या बेदाण्याचाही होतो."

मग एका पोराचं लक्ष स्क्रीनकडं गेलं. "काका, शफल चालूय, गाणी उलटसुलट वाजतायत."

इथं मात्र मला शेठची कीव आली. एमिनेमनं स्वतः आधीच जाहीर केलं होतं की हा अल्बम एका कल्पनेवर बांधलाय, गाणी क्रम सोडून ऐकली तर कदाचित अर्थ लागणार नाही. एकोणीस ट्रॅक. स्लिम शेडी हे त्याचंच जुनं वात्रट रूप परत येऊन धुमाकूळ घालतं, तेराव्या ट्रॅकमध्ये, 'गिल्टी कॉन्शन्स 2'मध्ये, दोघांचं भांडण जुंपतं आणि त्यात स्लिम मरतो. शफलवर मेलेला स्लिम पुढच्याच गाण्यात उठून शिव्या द्यायचा.

तारा सरळ केल्या, नीट सोल्डर केलं, आत पत्र्याचा कंप दाबणारी डॅम्पिंग शीट चिकटवली आणि पहिल्या ट्रॅकपासून लावला. आता किक छातीत लागत होती आणि आवाज बरोबर स्टिअरिंगच्या पुढं. मला वाटलं, झालं, शेठचं मत फिरणार.

मत फिरलं नाहीच, उलट पक्कं झालं. "आता आवाज स्वच्छ आहे, म्हणून विनोद किती शिळे आहेत तेही स्वच्छ ऐकू येतंय. एक्कावन्न वर्षांचा माणूस आजकालच्या पोरांना चिडवत बसलाय." पोरं म्हणाली, "काका, शिळेपणाच तर दाखवलाय. म्हणून तर मारलं त्याला." शेठ म्हणाले, "मारायच्या आधी बारा ट्रॅक मजा पण घेतलीय ना?" याला पोरांकडं उत्तर नव्हतं, माझ्याकडं अजूनही नाही. 'हौदिनी' हे गाणं लागलं तेव्हा शेठनं सांगितलं की ही चाल 1982 च्या स्टीव्ह मिलर बँडची. पोरांना ते ठाऊक नव्हतं. तेराव्याला पोरं शेठला समजावायला लागली, की 1999 च्या पहिल्या 'गिल्टी कॉन्शन्स'मध्ये समोर रॅपर डॉ. ड्रे होता, इथं एमिनेम स्वतःच स्वतःसमोर आहे. शेठ भडकले, "मला शिकवता? तेव्हा तुमचा जन्म तरी झाला होता का?"

एकच गाणं शेठनी मागं घेऊन पुन्हा ऐकलं, 'टेम्पररी', एमिनेमनं आपल्या मुलीसाठी आपल्या माघारी वाजावं म्हणून केलेलं. "हे चांगलंय," एवढंच म्हणाले. मग लगेच जुना अल्बम लावायला सांगितला, आणि काय सांगू, दुरुस्त दारातून तो असा काही वाजला की शेठ सीटवर उडायचे बाकी राहिले. म्हणजे काम केलं नव्यासाठी, फायदा झाला जुन्याचा! "बघ, याला म्हणतात अल्बम."

जाताना म्हणाले, "नव्याला जरा जुन्यासारखा आवाज दे की." मी सांगितलं, इक्वलायझरनं तसं होत नाही. तरी हट्ट धरला. मग दोन सेटिंग सेव्ह करून दिली, दुसऱ्यात 80 हर्ट्झच्या आसपास, म्हणजे बेसच्या भागात, तीन डेसिबल वाढवले. समाधानानं गेले. पैसे देताना शंभर रुपये कमी केलेच.

एक मात्र फरक पडला. तो तेरावा ट्रॅक मी आता टेस्टला लावतो. एकाच माणसाचे दोन आवाज भांडत असतात, एखादं दार उलटं असलं तर लगेच समजतं. गाडीत घरची मंडळी असली तर शिव्यांमुळं लावता येत नाही, तेव्हा अभंग लावतो आणि पखवाजावर कान ठेवतो.