व्हिसा नाकारलाय, अपील करू का?

मेलबर्नमध्ये चार मराठी माणसं जमली की कोणीतरी मला बाजूला घेतंच. "तुमच्या भावाचा व्हिसा नाकारला होता ना? तुम्ही ट्रायब्युनलला गेला होतात म्हणे. मग आम्हीही जावं का?" (ट्रायब्युनल म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या व्हिसाला नकार मिळाला तर तो अर्ज पुन्हा तपासणारी सरकारी यंत्रणा. इथे मी लिहितेय ते मुख्यतः भेटायला येणाऱ्यांच्या व्हिजिटर व्हिसाबद्दल.) मी वकील नाही, नोंदणीकृत मायग्रेशन एजंटही नाही. त्यामुळे "जा" किंवा "जाऊ नका" असं मी कोणालाच सांगत नाही. पण तुम्ही विचारलंत म्हणून, मला जे कळलं ते एकदा नीट लिहून ठेवते.

आधी डोक्यातून एक गोष्ट काढून टाका. अपील म्हटलं की आपण लगेच भांडणाच्या तयारीला लागतो: अधिकाऱ्याने कागद नीट वाचले नाहीत, आमच्यावर अन्याय झाला, वगैरे. ट्रायब्युनलला या तक्रारीत फारसा रस नसतो. तिथला मेंबर, म्हणजे निकाल देणारा माणूस, अधिकाऱ्याच्या जागी बसतो आणि तोच अर्ज नव्याने तपासतो. नकारानंतर जमवलेले कागदही तो बघतो. म्हणजे अधिकारी कुठे चुकला हे शोधण्यात रात्री घालवू नका. त्याला जी शंका आली, तिला आज तुमच्याकडे काय उत्तर आहे, तेवढं बघा. उत्तर नसेल तर अपिलात पैसे घालण्यात अर्थ नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

दादा तासगाव तालुक्यात द्राक्षं करतो. वय चाळिशीच्या आसपास, लग्न झालेलं नाही. (शेती करणाऱ्या मुलाला मुलगी कोण देतंय, हा वेगळ्या लेखाचा विषय.) माझ्याकडे येऊन दोनेक महिने राहावं, एवढाच बेत होता. नकाराच्या पत्रात कारण दिलं होतं की तो तात्पुरताच येतोय याची खात्री पटत नाही. सबक्लास ६००, म्हणजे व्हिजिटर व्हिसा, त्याच्या नियमांतलं हे कलम ६००.२११. तुमच्या पत्रातही बहुधा हाच आकडा असेल, बघा.

खरं सांगायचं तर नुसते कागद बघणाऱ्याला दुसरं काय दिसणार होतं? बायको-मुलं नाहीत. पगाराची स्लिप नाही. शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून आयकर विवरणपत्र नाही. बँकेत पैसा येतो तो माल गेल्यावर, आणि औषधं, मजुरी आणि सोसायटीचं कर्ज भागवून लगेच निघूनही जातो. गावात ज्याला लोक चांगला बागायतदार म्हणतात, तो व्हिसाच्या फाइलीत मागे काहीच पाश नसलेला एकटा पुरुष ठरतो. आम्ही पुन्हा अर्ज केला. तेच कारण, वाक्यं थोडी वेगळी. तेव्हा मग ट्रायब्युनलचं ठरवलं.

अर्जदार भारतात असेल तर अपील त्याने करायचं नसतं, इथल्या नातेवाइकाने करायचं असतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. दादाच्या वतीने मी केलं. त्यासाठी इथला माणूस ऑस्ट्रेलियाचा नागरिक किंवा कायम रहिवासी हवा, आणि अर्जदाराचा आई-वडील, नवरा-बायको किंवा जोडीदार, मूल, भाऊ किंवा बहीण यांपैकी कोणीतरी हवा. आत्या, मावशी, चुलतभाऊ चालत नाहीत. आणि मूळ अर्जात या नातेवाइकाला भेटायला येतोय असं त्याच्या माहितीसकट लिहिलेलं हवं. "फक्त फिरायला" असं लिहून मोकळे झालेल्यांना हा रस्ता मिळत नाही.

दुसरी गोष्ट तारखेची. नकार कळवल्यापासून २८ दिवस मिळतात, आणि ही मुदत ट्रायब्युनललाही वाढवून देता येत नाही. ईमेलने आलेलं पत्र ज्या दिवशी पाठवलं त्याच दिवशी पोचलं असं धरतात, तुम्ही उघडा किंवा न उघडा. पुण्या-सांगलीतले काही एजंट अर्जात स्वतःचाच ईमेल घालतात आणि पत्र निवांत पुढे पाठवतात. तेव्हा एजंटला आधी पत्राची तारीख विचारा, बाकी गप्पा नंतर.

फी साडेतीन हजार डॉलरच्या आसपास आहे. हलाखी असल्याचं दाखवता आलं तर निम्मी होते, आणि निकाल आपल्या बाजूने लागला तर निम्मी परत मिळते. नव्या व्हिजिटर व्हिसाचा अर्ज दोनेकशे डॉलरमध्ये होतो आणि त्याचं उत्तरही कितीतरी लवकर येतं. ट्रायब्युनलमध्ये महिनोन् महिने जातात. बारशाला आईने यावं म्हणून अपील करणाऱ्यांना मी हेच सांगते, की निकाल येईतो बाळ चालायला लागलेलं असेल. कागदात राहिलेली त्रुटी भरून काढता येण्यासारखी असेल तर नवा अर्ज बरा. आमची अडचण त्रुटीची नव्हती. दादाचं आयुष्यच कागदावर मावत नव्हतं, कोणीतरी त्याच्याशी बोलायला हवं होतं.

तरी कागद जमवलेच. सातबारा, बेदाण्याच्या सौद्याच्या पट्ट्या, विकास सोसायटीचं पीककर्ज, आई त्याच्याकडेच राहते याचे पुरावे. सगळ्याचं इंग्रजी भाषांतर करून घेतलं.

सुनावणी व्हिडिओवर झाली. कोर्टासारखं काही नसतं. समोर सहसा सरकारी वकीलही नसतो, मेंबरच प्रश्न विचारतो. दुभाषी ट्रायब्युनल देतं, फुकट. हिंदीवर भागवू नका, मराठीच मागा. इथले सकाळचे दहा म्हणजे तिकडे पहाटेचे साडेचार किंवा साडेपाच, इथलं घड्याळ उन्हाळ्याचं की हिवाळ्याचं यावर. दादाला त्याचं काही नव्हतं, तो उठलेलाच असतो. माझी आधी शपथ झाली, माझा पगार, घर, त्याचा खर्च कोण करणार, सगळं विचारलं. मग दादा. मेंबरने विचारलं, तुम्ही इकडे असताना बाग कोण बघणार? आणि दादा सुटला. एप्रिलची खरड छाटणी झाली, काडी तयार झाली की पावसाळ्यात थोडी उसंत असते, तेवढ्यात यायचं. ऑक्टोबरची फळछाटणी दुसऱ्यावर टाकता येत नाही, ती चुकली तर वर्ष गेलं, सोसायटीचं कर्ज मात्र राहिलं. दुभाषी बाईंना दोनदा त्याला थांबवावं लागलं. मेंबरने छाटणीबद्दल आणखी बरेच प्रश्न विचारले. परत जाण्याचं वचन वगैरे देत बसण्यापेक्षा त्याचं हे वेळापत्रकच उपयोगी पडलं, असं मला निकाल वाचताना वाटलं.

निकाल बाजूने लागला म्हणजे हातात व्हिसा आला असं नाही, बरं का. ट्रायब्युनलने म्हटलं की ६००.२११ ची अट पूर्ण होते, आणि अर्ज पुढच्या विचारासाठी परत पाठवला. त्यानंतर बाकीच्या तपासण्या, मग व्हिसा. त्यावर ८५०३ ही अटही होती, म्हणजे इथे असताना मुक्काम वाढवायला दुसरा व्हिसा मागायची सोय नाही. दादाला ती वाचून हसू आलं.

"पण ट्रायब्युनलही सरकारीच ना?" असंही विचारतात. सरकारी खरं, पण व्हिसा देणाऱ्या खात्यापासून वेगळं. आधीचं ट्रायब्युनल, एएटी (ॲडमिनिस्ट्रेटिव्ह अपील्स ट्रायब्युनल), १९७६ मध्ये सुरू झालं, व्हिसाची प्रकरणं बघणारं वेगळं ट्रायब्युनल २०१५ मध्ये त्यात विलीन झालं. पुढे त्यावर राजकीय नेमणुकांचे आरोप झाले, तुंबलेल्या प्रकरणांची ओरड झाली. डिसेंबर २०२२ मध्ये तेव्हाचे ॲटर्नी-जनरल मार्क ड्रेफस यांनी ते बरखास्त करण्याची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर २०२४ पासून त्याच्या जागी आताचं एआरटी (ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रायब्युनल) आलं. सगळं आदर्श आहे असं मी म्हणणार नाही. पण ब्रिटनने नातेवाइकांना भेटायला येणाऱ्यांचा असा अपिलाचा हक्क २०१३ मध्येच काढून घेतला, आणि अमेरिकेत पर्यटक व्हिसा नाकारला तर अपील नाहीच. इथे निदान कोणीतरी ऐकून घेतं आणि कारणं लिहून देतं. ऑस्टली या संकेतस्थळावर असे बरेच निकाल मोफत वाचायला मिळतात. एजंटला पैसे देण्याआधी तुमच्यासारखी दोन-चार प्रकरणं तिथे वाचा.

ट्रायब्युनलमध्येही नाही म्हटलं तर ३५ दिवसांत फेडरल सर्किट अँड फॅमिली कोर्टात जाता येतं. पण तिथे फक्त कायद्याची चूक बघतात. दादाची छाटणी तिथे कोणी विचारली नसती, आणि व्हिजिटर व्हिसासाठी तिथवर जाणारं माझ्या ओळखीत कोणी नाही.

हे सगळं भेटायला येणाऱ्यांचं. तुमचा स्वतःचा व्हिसा इथे असताना नाकारला असेल, पार्टनर व्हिसा वगैरे, तर गणित उलटं होतं. इथे राहून दुसरा अर्ज करायला बऱ्याचदा कायद्यानेच मनाई असते, आणि अपील चालू असेपर्यंत ब्रिजिंग व्हिसावर, म्हणजे मधल्या काळापुरत्या तात्पुरत्या व्हिसावर, राहता येतं. अशा वेळी मला विचारू नका. नोंदणी क्रमांक असलेला एजंट किंवा वकील गाठा, आणि २८ दिवस संपायच्या आत गाठा.