शाळेतला सराव आणि घरातली बंदूक

न्यू जर्सीतील शाळांना दरमहा आगीच्या सरावाबरोबर सुरक्षेचाही, म्हणजे शाळेत हल्लेखोर शिरल्यास काय करायचे याचाही, सराव घ्यावा लागतो आणि आज तो माझ्या मुलीच्या पहिलीच्या वर्गात झाला. दिवे बंद, दाराच्या काचेवर काळा कागद, मुले कोपऱ्यात चिडीचूप. हिच्या बुटांतले लाल दिवे मात्र पाय हलताच लुकलुकत होते, म्हणून बाईंनी ते काढून दप्तराखाली ठेवायला लावले.

दाराचे कुलूप हवेच. २०२२ मध्ये टेक्सासमधील युव्हाल्डी येथील शाळेतल्या गोळीबारात १९ मुले आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या, तेव्हा हल्लेखोराला गाठायला पोलिसांनी ७७ मिनिटे लावली. तरीही शाळेत गोळीबार करणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांच्या हाती बंदूक येते ती घरातूनच, आणि त्यांचा बेत अनेकदा कुणाच्या तरी कानावर आधीच गेलेला असतो, असे राष्ट्राध्यक्षांचे रक्षण करणाऱ्या अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिस या यंत्रणेने अभ्यासांती नोंदवले आहे. मिशिगनमधील ऑक्सफर्डच्या शाळेत २०२१ मध्ये एका विद्यार्थ्याने केलेल्या गोळीबाराबद्दल २०२४ मध्ये त्या मुलाच्या आईवडिलांनाही शिक्षा झाली. ती मला योग्य वाटते.

मुलीला कुणाकडे खेळायला पाठवताना शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आपण बिनदिक्कत सांगतो, पण ‘तुमच्या घरी बंदूक आहे का, असल्यास कुलपात असते का’ हे विचारताना जीभ अडखळते. आज मी ते एका आईला विचारले. तिने न रागावता उत्तर दिले आणि तोच प्रश्न मलाही केला.