फुटलेल्या बाटल्यांपासून आमची वाटचाल

आम्ही वेंगुर्ल्याच्या बाजूला कोकम सरबत, आगळ (कोकमाचा खारवलेला रस) आणि सोलं बनवतो. सोलं म्हणजे तुम्ही ज्याला आमसुलं म्हणता ती. २००९ ला सुरू केलं तेव्हा दोन निळे बॅरल, परड्यातली चार भिरंडाची, म्हणजे कोकमाची, झाडं आणि सासूबाईंचा हात एवढंच होतं, मी तेव्हा पतपेढीत कामाला होते आणि मे महिन्यात रजा टाकून बाटल्या धुवायचे. आता सीझनला १४ बायका असतात. खूप जण विचारतात की कसं केलंत, स्कीम कुठली, मशीन कुठलं. ते सांगते, पण आधी बाटल्यांचं सांगायला हवं कारण माझ्या मते आमचा धंदा खरा तिथून सुरू झाला.

२०१२ ला पुण्याच्या एका दुकानाची १४० बाटल्यांची ऑर्डर आली, आमच्यासाठी तेव्हा ती खूपच मोठी होती. जुलैत फोन आला की ताई तुमच्या बाटल्यांची झाकणं उडतायत, दुकानभर चिकट झालंय. सगळा माल परत घेतला, त्यांचं नुकसान भरून दिलं. सासूबाई दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. "माझ्या हातचा सरबत कधी उतला नाय गो" एवढंच म्हणत होत्या, आणि ते खरंच होतं, चाळीस वर्षं त्यांनी बरण्या भरल्या आणि एक बरणी खराब झाली नव्हती. मग मी शोधायला लागले की चूक कुणाची. कुणी बाटली ओली ठेवली, कुणी हात न धुता हात घातला, असं मनात धरून मी कामाच्या दोन बायकांना त्या वर्षी परत बोलवलंच नाही.

शेवटी उरलेल्या दोन बाटल्या घेऊन वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात गेले. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं केंद्र आहे ते, इतकी वर्षं घराजवळ असून मी कधी आत पाऊल टाकलं नव्हतं, आपल्यासारख्यांना कोण विचारणार असं वाटायचं. तिथल्या सरांनी एका छोट्या नळीसारख्या यंत्रावर दोन थेंब टाकले, उजेडाकडे धरून बघायला लावलं आणि म्हणाले हा तुमचा ब्रिक्स, म्हणजे साखरेचं माप, ५४. सरबताला कमीत कमी ६५ लागतो, त्याच्या खाली यीस्टला फावतं, सरबत आंबतं, गॅस धरतो आणि झाकण उडतं. बस, एवढंच कारण. घरी आई, म्हणजे सासूबाई, साल आणि साखर थराथराने बरणीत भरून उन्हात ठेवायच्या, त्यात चूक काहीच नव्हती. पण त्या वर्षी आम्ही पहिल्यांदाच सरबताचा माल बॅरलने केला, आभाळ भरलेलं होतं, सालींना पाणी जास्त सुटलं आणि साखर मात्र तांब्याने अंदाजानेच घातली.

मी परत आले आणि आधी त्या दोघींच्या घरी जाऊन माफी मागितली. हे मी मुद्दाम लिहिते आहे कारण माइंडसेट बदलला वगैरे आपण सहज बोलतो, माझ्यासाठी तो बदल म्हणजे हाच होता की काही बिघडलं की आधी माणूस शोधायचा नाही, माप शोधायचं. त्याच आठवड्यात ते ब्रिक्स मोजायचं यंत्र, रिफ्रॅक्टोमीटर, मागवला आणि एक शंभर पानी वही आणली. प्रत्येक बॅचचा नंबर, भिरंडं कुठल्या वाडीतली, किती ऊन मिळालं, साखर किती, ब्रिक्स किती. आणि शेवटचा रकाना आईंचा. त्यांनी आधी चाखायचं, "झाला" किंवा "अजून नाय" सांगायचं आणि मग मीटर बघायचा. पहिल्या वर्षाची वही चाळली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, आई "झाला" म्हणाल्या तिथे आकडा जवळपास प्रत्येक वेळी ६७-६८ होता. म्हणजे त्यांची जीभ बरोबरच होती, बॅरलच्या वेळी आम्ही तिला विचारलं नव्हतं एवढंच. आणि आता ती गोष्ट गावातली बावीस वर्षांची मुलगी पण करू शकते, जी आईंच्या शेजारी चाळीस वर्षं बसलेली नाही.

मध्ये एकदा घाई म्हणून रस उकळून बघितला होता, रंगच गेला, लालचा तपकिरी झाला. कोकमाचा लाल रंग अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्याचा असतो आणि तो उष्णतेला टिकत नाही. तेव्हापासून आच नाही, साठवण पण अंधाऱ्या खोलीत.

मग २०२० चा लॉकडाऊन. दुकानं बंद, माल घरात. मुलाने व्हॉट्सअ‍ॅपवर मुंबईतल्या ओळखीच्या दोन सोसायट्यांचे ग्रुप पकडले, बरणी भरतानाचा व्हिडिओ टाकला, पैसे यूपीआयने आले आणि एसटीने त्या वर्षी मालवाहतूक सुरू केली होती त्यातून खोके गेले. दुकानदाराला देताना जो भाव घ्यायला मी संकोचायचे तोच भाव लोक आनंदाने देत होते, वर विचारत होते की रंग घालता का, साखर कुठली, बियांचं काय करता. त्या बियांच्या प्रश्नाने मी गप्पच झाले. बिया आम्ही पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, टाकायचो! घरात आई पावसाळ्यात पायाच्या भेगांना मुठेल लावायच्या, त्याच बियांचं तेल, मुठीत वळून गोळे करून ठेवलेलं, आणि पोती भरभरून बिया आमच्याच पऱ्यातून वाहून जात होत्या. कोकमाचं हे तेल साध्या हवेत घट्ट राहतं आणि अंगाच्या उबेने वितळतं म्हणून क्रीम आणि लिपस्टिकवाल्यांना ते हवं असतं. आता बिया धुवून वाळवून विकतो, थोडं मुठेल घरी काढतो, आणि बियांचे पैसे वेगळे ठेवून दिवाळीला सगळ्या बायकांत वाटतो.

पुढच्याच वर्षी, १६ मे २०२१, तौक्ते वादळ. सोलांना सालीच्याच रसाची पुटं द्यायची असतात, रसात बुडवायची, वाळवायची, परत बुडवायची, सहा-सात दिवस कडक ऊन लागतं. अंगणात पाच पुटं झालेला माल होता, वर ताडपत्री, ती कुठे गेली ते आजपर्यंत कळलं नाही. सगळ्या सोलांना बुरशी आली आणि कित्येक दिवस लाइट नाही, त्यामुळे विजेचा ड्रायर असता तरी उपयोग नव्हता. म्हणून आम्ही सोलर टनेल ड्रायर घेतला, खालून हवा आत, वरून बाहेर, वर पारदर्शक पत्रा. केंद्राच्या पीएमएफएमई या छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांच्या योजनेत ३५ टक्के अनुदान मिळालं, बाकीचं बँकेचं कर्ज, कागदपत्रांना आठ महिने गेले पण चिकाटी सोडू नका एवढंच सांगेन. २०२५ ला मान्सून २५ मेलाच तळकोकणात उतरला तेव्हा आजूबाजूची अंगणं भिजत होती आणि आमची सोलं आत वाळत होती. शेजारच्या तीन घरांची पण त्यातच वाळवली, जागा होती तेवढी.

आता झाडांचं. कोकमाची नर-मादी झाडं वेगळी असतात, बी लावलं की सहा-सात वर्षं पाणी घालायचं आणि मग कळतं की हा नर आहे, फळच नाही. जवळजवळ निम्मी झाडं अशी निघतात, म्हणून आमच्याकडे भिरंड कुणी लावतच नाही, रानात आपोआप येतं ते घ्यायचं. मी पण तेच समजत होते, त्या केंद्रात जायला लागल्यावर कळलं की कलम मादी झाडाचं बांधलं की झाड मादीच येतं, आणि विद्यापीठाने १९९७ लाच कोकण अमृता नावाची जात काढून ठेवली आहे. २०१९ ला १२ कलमं लावली. सासरे हयात असते तर म्हणाले असते की भिरंड काय लावायचं असतं!

२०२४ ला पहिली फळं धरली, बाराच्या बारा झाडांना. आई आता ऐंशीच्या पुढे आहेत, फार चालवत नाही, म्हणून मीच एक फळ तोडून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी नखाने साल उचकटली, जाडी बघितली, जिभेला लावली.

"हेचा सोल बरा पडतला," म्हणाल्या, आणि मला वही आणायला सांगितली.