‘प्रमादवशात’ची दोन बोटं

जबाबाच्या मराठी प्रतीत वाक्य होतं : ‘प्रमादवशात माझा हात विंचमध्ये गेला.’ रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या एका ट्रॉलरवरचा खलाशी, मूळचा आंध्रातल्या श्रीकाकुळमकडचा; विंचने, म्हणजे दोरी गुंडाळणाऱ्या यंत्राने, जाळं ओढताना दोन बोटं चिरडलेली. विम्याच्या कागदांबरोबर हे वाक्य पुढे गेलं असतं, तर गड्याने निष्काळजीपणा स्वतःच कबूल केला असं ठरलं असतं. माझ्याकडे भाषांतर फक्त तपासायला आलं होतं.

मूळ तेलुगू शब्द ‘प्रमादवशात्तु’. भाषांतर करणाऱ्याने संस्कृत शब्द दिसला म्हणून तो जसाच्या तसा उचलला, शेवटचा ‘तु’ तेवढा कापला. पण तेलुगूत ‘प्रमादम्’ म्हणजे धोका किंवा अपघात. रस्त्यावरचा अपघात तिथे ‘रोड्डु प्रमादम्’, धोकादायक ते ‘प्रमादकरम्’ आणि ‘प्रमादवशात्तु’ म्हणजे अपघाताने, कोणी न करता. मराठीत नेमकं उलटं, करणाऱ्याची चूक.

मराठी अर्थ संस्कृताच्या जवळचा आहे. धातू मद्, धुंद होणे. त्यातून भान सुटणे, हयगय. तैत्तिरीयोपनिषदातलं ‘सत्यान्न प्रमदितव्यम्’ याच अर्थाचं. चुकीतून संकट येतं, तेव्हा तेलुगूने परिणामाला कारणाचं नाव दिलं, असं म्हणता येईल. बंगालीत दोन्ही टिकले : ‘मुद्रणप्रमाद’ म्हणजे छपाईची चूक, पण ‘प्रमाद गोना’ म्हणजे आता संकट येणार असं मनात धरणं. तमिळ तर पार टोकाला. तिथे जेवण छान झालं की म्हणतात, ‘पिरमादम!’

क्रियापदावरून अर्थ पकडावा, हा माझा नेहमीचा उपाय. इथे तोही फसला. तेलुगूत ‘प्रमादम् जरिगिंदि’, म्हणजे घडला. आणि मराठीतही ‘प्रमाद घडला’ चालतंच. मग एकच मार्ग उरला, शब्द टाळून विचारायचं. तेलुगूत चुकीला रोजचा शब्द ‘पोरपाटु’. खलाशाला फोनवर विचारलं, ‘एवरि पोरपाटु?’ कोणाची चूक? तो म्हणाला, ‘एवरिदी कादु.’ कोणाचीच नाही. दोरीचा पीळ सुटून ती ड्रमवरून उसळली आणि हात ओढला गेला. हे मूळ जबाबातही होतं, पुढच्याच ओळीत. मराठी प्रतीत ती ओळ गाळलेली. ‘प्रमादवशात’ने सगळं सांगून झालं असं वाटलं असावं.

दुरुस्त प्रतीत तीन रकाने केले : तेलुगू लिपीतलं मूळ वाक्य, देवनागरीत उच्चार, मग अर्थ. मधला रकाना लोकांना फालतू वाटतो, पण शब्द कुठे घसरला ते तिथेच दिसतं. नंतर तेलुगू वाक्यं त्याला पुन्हा वाचून दाखवली आणि मगच तारीख घातली.

अर्थाच्या रकान्यात ‘अपघात’ लिहिलं. नाखवा गुजराती, त्याला प्रत गुजरातीत हवी होती. तिथे अपघाताला ‘अकस्मात’ म्हणतात, आणि ‘आपघात’ म्हणजे आत्महत्या. एका कान्याचा फरक. ती प्रत टाइप करणाऱ्याच्या शेजारी मी खुर्ची ओढून बसलो.