डबाच बदलता ना?

श्रावणात कानबाईच्या रोटांना, म्हणजे खानदेशातल्या देवीच्या सणाला, आमचं सगळं भाऊबंद गावी जमतं. जेवणं आटोपली की ओट्यावर कोणीतरी मला गाठतंच. ‘तठे तू काय करस रे भाऊ?’ मी सांगतो, विमानातलं इलेक्ट्रॉनिक्स बघतो. वैमानिकाचा रेडिओ, वेग-उंची दाखवणारी यंत्रं, ऑटोपायलट, हवामानाचं रडार, आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या वायरी. मग दुसरा प्रश्न येतो, आणि तो मला गावात, लग्नात, रेल्वेच्या डब्यात, सगळीकडे विचारला गेला आहे : आता तर सगळं कॉम्प्युटरच सांगतो, मग तुम्ही डबाच बदलता ना?

यंदा हाच प्रश्न तुमच्यापैकी काहींनी मुलांसाठी विचारलात. मुलगा बारावीला आहे, मुलीला फिजिक्स आवडतं, या कामात अजून डोकं लागतं का, की पाच वर्षांनी मशीनच करील? ओट्यावर दोन वाक्यांत उत्तर देऊन मी उठलो, ते मला बरं वाटलं नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आता नीट लिहितो.

डबा बदलतो, हे खरं आहे. विमानातली बहुतेक इलेक्ट्रॉनिक यंत्रणा डब्यांच्या रूपातच असते. आम्ही त्यांना बॉक्स किंवा युनिट म्हणतो. रॅकमध्ये सरकवायचं, पुढचे स्क्रू आवळायचे, मागचा कनेक्टर आपोआप बसतो. मुंबईला मी 11 वर्षं प्रवासी विमानांवर रात्रपाळी केली. विमान रात्री एकला उतरतं, पहाटे पाचला पुन्हा जायचं असतं. तेवढ्या वेळात डबा उघडून आतला सर्किट बोर्ड दुरुस्त करत बसणं शक्य नाही आणि तशी परवानगीही नसते. जुना काढायचा, नवा लावायचा, चाचणी घ्यायची, कागदावर नोंद करायची. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, झालं काम.

पण काढलेला डबा वर्कशॉपला जातो. तिथे टेबलावर त्याची तपासणी होते आणि कितीदा तरी तो एका चिठ्ठीसह परत येतो : दोष आढळला नाही. तोवर विमान दहा वेळा उडालेलं असतं आणि लॉगबुकात तीच तक्रार पुन्हा लिहिलेली असते. म्हणजे डबा चांगला होता, आणि खरा बिघाड विमानातच राहून गेला. माझ्या मते या धंद्यातला माणूस इथे ओळखू येतो.

हे मी विमानाजवळ जाण्याच्या खूप आधी शिकलो. चोपड्याला माझ्या काकांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. केळीच्या बागांना पाणी देणाऱ्या पाणबुडी मोटारी जळून यायच्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चिखलासकट. उन्हाळ्याच्या सुट्टीत जळलेली तार उपसून काढायचं काम माझ्याकडे असे. शेतकरी घाईत असायचा, कारण मे महिन्यात केळीला चार दिवस पाणी नाही म्हणजे घड गेला. तो म्हणायचा, आबा, लवकर भरून द्या. काका भरून द्यायचे, पण मोटार हातात देण्याआधी विचारायचे, ‘स्टार्टर आणलास का?’ नसेल आणला तर सायकलवर टांग टाकून त्याच्या विहिरीवर जायचे. तिथे स्टार्टरची पेटी उघडली की तीनपैकी एका फेजचा लग, म्हणजे तारेच्या टोकाचा जोड, सैल निघायचा. स्क्रूभोवती काळं पडलेलं, तांब्यावर हिरवट थर. एक फेज तुटक मिळते, उरलेल्या दोघींवर मोटार ओढते, तापते आणि जळते. लग तसाच ठेवून नुसती मोटार भरून दिली असती तर आठ दिवसांत पुन्हा जळाली असती. काकांना दुसऱ्यांदा पैसे मिळाले असते, हेही खरं. ते काकांनी कधी केलं नाही.

विमानात असे जोड हजारोंनी असतात. एअरबस ए-380 मधल्या वायरींची एकूण लांबी 500 किलोमीटरच्या वर भरते. जळगावहून रेल्वेने मुंबई गाठून पुन्हा परतीच्या वाटेला लागावं, एवढी तार एका विमानाच्या पोटात. ती हादरे खाते, जमिनीवर 45 अंशांत भाजते आणि अर्ध्या तासात वर उणे 50 अंशांच्या हवेतून जाऊ लागते. स्वच्छतागृहाजवळचं पाणी, स्वयंपाकघरातून सांडलेली कॉफी, क्लॅम्पखाली घासणारं आवरण, मागच्या कोणीतरी घाईत नीट न दाबलेली पिन. कॉम्प्युटरला यातलं काहीच दिसत नाही. सिग्नल येईनासा झाला, एवढंच त्याला कळतं. मग तो यादी देतो : अमुक युनिट, किंवा अँटेना, किंवा मधली वायर. यातला ‘किंवा’ आम्ही सोडवायचा असतो.

वायरीकडे दुर्लक्ष झालं तर काय होतं, याचं उदाहरण आमच्या प्रशिक्षणात हमखास येतं. 2 सप्टेंबर 1998 रोजी स्विसएअरचं न्यूयॉर्कहून जिनिव्हाला निघालेलं विमान कॅनडाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळलं. 229 माणसं गेली. कॅनडाच्या तपास यंत्रणेने समुद्रतळातून तुकडे गोळा करून चार वर्षांहून अधिक काळ शोध घेतला. आग बहुधा कॉकपिटच्या छतावरच्या भागात, वायरीवर उडालेल्या ठिणगीतून लागली होती आणि जवळच्या इन्सुलेशनच्या आवरणाने पेट घेतला होता. तसलं आवरण नंतर विमानांतून काढून टाकायला लावलं. पॅनेलच्या मागे टॉर्च धरून वायरींच्या जुडग्यावरून बोट फिरवताना आजही मला तो आकडा आठवतो.

डब्याबद्दल आणखी एक सांगतो, कारण ते आपल्या घराच्या भिंतीवर रोज दिसतं. कुंभारीण तुम्हाला ठाऊक आहे. चिखलाचा गोळा आणून खिडकीच्या कोपऱ्यात, टेपच्या भोकात, कुलपात घर करणारी माशी. विमानाच्या पुढच्या भागात किंवा पंखाखाली बोटाएवढी नळी असते, पिटो ट्यूब. समोरून येणाऱ्या हवेचा दाब तिच्यातून आत जातो आणि त्यावरून वेग कळतो. विमान उभं असताना त्या नळीवर टोपी घालतात, लाल पट्टी लोंबणारी, म्हणजे उडण्याआधी काढायचं विसरू नये. फेब्रुवारी 1996 मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकमधून उडालेलं एक बोइंग 757 समुद्रात पडलं, 189 जण मेले. तीन पिटो नळ्यांपैकी एक बुजली होती, आणि तपासाचा अंदाज असा की कुंभारणीच्याच जातीच्या माशीने तिच्यात घर केलं असावं. विमान काही दिवस टोप्या न घालता उभं होतं. कॉकपिटमधल्या यंत्रांनी त्यांना नळीतून जे मिळालं तेच दाखवलं. खानदेशात धुळे, शिरपूर, जळगाव या तिन्ही धावपट्ट्यांवर शिकाऊ वैमानिकांची लहान विमानं उडतात. चहूबाजूंना शेतं, पाण्याने भिजलेली माती, आणि कुंभारणी. इथे मी टोपीबाबत कोणाचंही ऐकून घेत नाही. विमान दुपारच्या जेवणापुरतं उभं असलं तरी टोपी चढलीच पाहिजे.

हो, चार वर्षांपूर्वी आईच्या दुखण्यामुळे मी मुंबई सोडून इकडे आलो आणि आता अशाच लहान विमानांवर काम करतो. पगार कमी झाला. काम कमी झालं नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली गोष्ट. वैमानिक लॉगबुकात जी तक्रार लिहितो तिला आम्ही स्नॅग म्हणतो. एका विमानाचा स्नॅग होता : पहिल्या रेडिओवरून बोलताना आवाज तुटतो. रेडिओ दोनदा वर्कशॉपला जाऊन आला होता, दोन्ही वेळा दोष आढळला नव्हता. आम्ही दोन्ही रेडिओंची अदलाबदल केली, ते एकाच मॉडेलचे होते. बिघाड जागचा हलला नाही, पहिल्याच जागेवर राहिला. म्हणजे दोष डब्यात नव्हता. राहिली केबल आणि अँटेना. सकाळी सातला तपासलं तर दोन्ही चोख. सगळे म्हणाले, सोडून द्या, उडू द्या, दुसरा रेडिओ आहे ना. पण त्या विमानात एकोणीस-वीस वर्षांची मुलं एकटी उडतात. वर एकट्या असलेल्या मुलाला खालून उत्तर मिळालं नाही तर त्याच्या हाताला किती घाम फुटत असेल, याचा विचार करून मला झोप येईना.

मी मागचे सगळे स्नॅग तारीखवार काढून बसलो. तेव्हा ध्यानात आलं, एकही तक्रार सकाळची नव्हती. सगळ्या दुपारी एकनंतरच्या.

दुसऱ्या दिवशी विमान मुद्दाम उन्हात उभं केलं, दारं बंद. दुपारी अडीचला मी आणि एक ज्युनिअर मुलगा आत बसलो. बाहेर 45 अंश होते, आत सीटचा पट्टा हाताला चटका देत होता. अँटेनाच्या केबलमध्ये वॉटमीटर जोडला, नियंत्रण कक्षाला कळवलं आणि बटण दाबलं. पहिल्यांदा सगळं ठीक. तिसऱ्यांदा काटा हलला : जी शक्ती अँटेनाकडे जायला हवी ती परत येत होती. मुलाला म्हटलं, मी दाबून धरतो, तू पॅनेलमागे हात घालून केबल अगदी हळू हलव. एका वळणापाशी त्याची बोटं पोचली आणि काटा थरथरला.

ते वळण फार घट्ट होतं. केबल 5 मिलिमीटर जाडीची. अशा लवचिक कोअॅक्स केबलचं वळण तिच्या जाडीच्या किमान 6 पट त्रिज्येचं हवं, म्हणजे 30 मिलिमीटर. इथे ती जेमतेम अंगठ्याभोवती गुंडाळावी तशी वळवून टायने आवळलेली होती. कोणी कधी आवळली, ते कळायला मार्ग नव्हता. काढून टेबलावर आणली आणि ब्लेडने उभी चिरली. कोअॅक्समध्ये मधोमध तांब्याची तार असते, भोवती पांढरं प्लॅस्टिक, त्याभोवती तारांची जाळी. चिरलेल्या तुकड्यात तार मधोमध नव्हतीच. वळणाच्या आतल्या बाजूला, प्लॅस्टिक कापत कापत, जाळीच्या केसभर अंतरावर आली होती. थंड असताना ते प्लॅस्टिक तिला अडवून धरायचं, उन्हात मऊ पडलं की ती टेकायची. संध्याकाळी पुन्हा सुटायची. वर्कशॉपच्या थंड खोलीत, टेबलावर, त्या बिचाऱ्या रेडिओत काय सापडणार होतं?

मॅन्युअलला मंजूर असलेली, जास्त उष्णता सोसणारी टेफ्लॉनची केबल नवी बनवून टाकली, वळण मोकळं ठेवलं, क्लॅम्पची जागा बदलली. तिसऱ्या दिवशी दुपारी तीनला ते विमान वर होतं आणि मी हातातल्या रेडिओवर कान लावून उभा होतो. मुलीचा आवाज होता. एक अक्षर तुटलं नाही. मी खूप वर्षं काम करतोय, पण त्या दिवशी डोळ्यांत पाणी आलं, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

मुलांबद्दल विचारलंत, तर थोडक्यात : बारावी फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणितासह, मग डीजीसीएची, म्हणजे केंद्राच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, मान्यता असलेला कोर्स, परीक्षा, प्रत्यक्ष कामाचा अनुभव, आणि मग लायसन्स. इंजिन आणि यांत्रिक बाजूचं बी-1, इलेक्ट्रॉनिक्सचं म्हणजे एव्हिऑनिक्सचं बी-2. लायसन्स मिळेपर्यंत तुम्ही टेक्निशियन, काम तुमचं, पण विमान सोडण्याची सही दुसऱ्याची. पैसे भरण्याआधी संस्थेचं नाव डीजीसीएच्या यादीत स्वतः तपासा, फक्त जाहिरातीवर जाऊ नका. आणि एक माझ्याकडून : मुलगा किंवा मुलगी घरातला बंद पडलेला मिक्सर उघडून आत बघते का, आणि उघडलेलं पुन्हा जागच्या जागी बसवते का, ते पाहा. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आमच्याकडे पाळी संपताना पेटीतला एक जरी पाना कमी भरला तरी तो सापडेपर्यंत विमान हलत नाही.

त्या केबलचा भंगारात टाकलेला तुकडा मी परवानगीने ठेवून घेतला आणि गावी गेल्यावर काकांच्या दुकानात नेला. काका आता 74 वर्षांचे आहेत. त्यांना माझ्या कामाचं नेहमी कुतूहल. एकदा त्यांनी विचारलं होतं, विमानात वीज कोणती? मी म्हटलं, 28 व्होल्ट डीसी, आणि मोठ्या विमानांत 115 व्होल्ट एसी, सेकंदाला 400 सायकलची. घरात 50, तिथे 400. काका क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘मग तर स्टॅम्पिंग केवढंसं लागत असेल!’ स्टॅम्पिंग म्हणजे मोटारीच्या आतल्या लोखंडी पत्र्यांचा गठ्ठा. बरोबर तेच कारण आहे. सायकल वाढली की ट्रान्सफॉर्मरला, मोटारीला लोखंड कमी लागतं आणि विमानाचं वजन वाचतं. पुस्तकात मला हे समजायला एक आठवडा लागला होता.

चिरलेला तुकडा मी काहीच न सांगता त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा कपाळावर घेतला, तुकडा दाराच्या उजेडात धरला, अंगठ्याच्या नखाने पांढरं प्लॅस्टिक दाबून पाहिलं. मग तार कुठल्या बाजूला गेली आहे ते पाहून केबल बोटाभोवती पुन्हा त्याच दिशेला वाकवली.

‘दुपारचीच बंद पडायची ना?’ ते म्हणाले. मी हो म्हटलं. बाहेर एक शेतकरी मोटार घेऊन उभा होता. काकांनी तुकडा माझ्या हातात परत दिला आणि त्याला विचारलं, स्टार्टर आणलास का.