नववीचं निकालपत्रक

लेकीला अमेरिकेतल्या कॉलेजात बास्केटबॉल खेळायला जायचं तर उंची, मॅचचे व्हिडिओ आणि थ्री-पॉइंटर पुरतात, असा माझा समज होता. आमचं घोडं अडलं ते नववीच्या निकालपत्रकावर.

कोचना मुलीचा खेळ आवडला, व्हिडिओ कॉल झाले, शिष्यवृत्तीचंही ठरत आलं. मग एनसीएएच्या (तिकडच्या कॉलेजांतल्या खेळांचं बघणारी संस्था) एलिजिबिलिटी सेंटरवर नाव नोंदवलं; खेळाडू पात्र आहे का, ते तिथे तपासतात. डिव्हिजन वनला, म्हणजे सगळ्यांत वरच्या गटाला, १६ कोअर विषय (इंग्रजी, गणित, विज्ञान असे) आणि त्यांत किमान २.३ जीपीए, म्हणजे चारपैकी गुणांची सरासरी, लागतो, आणि कागद मागतात नववीपासूनचे. आपल्याकडे नववीला कोण विचारतं? दहावीची गुणपत्रिका लॅमिनेट करून ठेवलेली, नववीचा पत्ताच नाही.

२०२५ च्या एप्रिलमध्ये शाळेत गेलो. भाऊसाहेब म्हणाले, "नववी पास झाल्याशिवाय दहावीला बसवलं का तिला? मग कशाला पाहिजे?" बिनतोड! तरी अर्ज दिला. आठ दिवसांनी गेलो तर शाळा सोडल्याचा दाखला तयार. "परदेशी जायचंय म्हणालात ना, तिकडे हाच लागतो." पुन्हा अर्ज. २०२१-२२ चं वर्ष, निम्मं ऑनलाइन गेलेलं. रजिस्टर वरच्या खोलीत, किल्ली शिपायाकडे, शिपाई गावाला. तेवढ्यात उन्हाळ्याची सुट्टी लागली. ५ मेला बारावीचा निकालसुद्धा लागला, नववी मात्र कुलपातच.

इकडे रात्री तिकडच्या बातम्या वाचून माझी झोप उडालेली. कॉलेज बदलू पाहणारे खेळाडू जिथे नाव नोंदवतात ते ट्रान्सफर पोर्टल त्या वर्षी सीझन संपता संपता उघडलं, ३० दिवसांसाठी. कॉलेजात तीन वर्षं खेळलेली मुलगी आयती मिळत असेल तर पुण्याची अठरा वर्षांची पोर कोण घेणार? टीममध्ये जागा १५. उठल्या उठल्या मी कॉलेजच्या साइटवर टीममधली नावं मोजायचो. एकदा १३ भरली, चार दिवसांनी १४. "बाबा, बास करा आता," लेक म्हणायची. त्यातच आमच्याशी बोलणाऱ्या असिस्टंट कोच नोकरी बदलून दुसऱ्या कॉलेजात गेल्या. (प्रत्येक मेल हेड कोचनाही पाठवत जा. आम्ही पाठवत नव्हतो.)

मेअखेर धीर सुटला आणि थेट मुख्याध्यापिका बाईंच्या घरी गेलो. "अहो, मला फोन करायचा ना!" दुसऱ्या दिवशी बाईंनी स्वतः उभं राहून कुलूप तोडून घेतलं. निकालपत्रकावर शारीरिक शिक्षणात अ श्रेणी, जो विषय तिकडे कोअरमध्ये धरतच नाहीत. खाली वर्गशिक्षकांचा शेरा: खेळात रुची. अभ्यासाकडे लक्ष द्यावे.

भाषांतर घरी करू नका, मी केलेलं वाया गेलं. प्रमाणित भाषांतरकाराकडून ओळीला ओळ लावून घ्यावं लागतं. त्याने फोन करून विचारलं, "शेरासुद्धा घ्यायचा का?" घ्यायचा म्हटलं, ओळीला ओळ.

त्याच सुमारास, २७ मेला, विद्यार्थी व्हिसाच्या नव्या अपॉइंटमेंट थांबल्या, त्या १८ जूनला पुन्हा सुरू झाल्या. म्हणजे नववी उशिरा मिळाली तरी फरक पडला नसता, हे मला कृपया कुणी समजावू नये.

हो, आणि नॅशनल लेटर ऑफ इंटेंट, म्हणजे खेळाडू अमुक कॉलेजात येणार असं लिहून देण्याचा करार, शोधत बसू नका. ते ऑक्टोबर २०२४ मध्येच बंद झालं. त्यापायी माझे दोन दिवस गेले.

जुलैत सगळं मार्गी लागल्यावर पेढे घेऊन शाळेत गेलो. भाऊसाहेबांनी दोन उचलले. म्हणाले, "नववीचंच लागलं ना शेवटी? मी म्हणतच होतो."