पडद्याची तपासणी: आधी लॅब, मग डोळे

सांगली-मिरजेत डोळ्यांच्या दवाखान्यांना तोटा नाही. पण मधुमेहात डोळ्याचा पडदा (रेटिना) तपासायचा तर कुठला रिपोर्ट कशाला लागतो हे ठाऊक नसेल, तर हेलपाटे वाढतात. मी दोन दिवस धरले: पहिला लॅबचा, दुसरा डोळ्यांचा.

एचबीएवनसी या रक्तचाचणीला उपाशी राहावं लागत नाही. साधारण दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज त्यातून येतो. मात्र तो तांबड्या पेशींवर मोजतात, त्यामुळे हिमोग्लोबिन सोबत केलंच पाहिजे. अंगात लोह कमी असेल तर आकडा उगाच चढा येऊ शकतो; पेशी लवकर फुटत असतील तर उगाच उतरलेला. माझं हिमोग्लोबिन १०.२ निघालं, आणि एचबीएवनसीचा आकडा घरच्या ग्लुकोमीटरच्या वहीशी जुळेना. डॉक्टरांनी आधी फेरिटिन, म्हणजे अंगातल्या लोहाच्या साठ्याची चाचणी, करायला सांगितलं, गोळी वाढवली नाही.

लघवीतला अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो, म्हणजे लघवीतून प्रथिन किती जातं ते, तपासणं बहुतेक जण टाळतात. किडनीची चाचणी, डोळ्याशी काय संबंध? संबंध असा की साखरेने बारीक रक्तवाहिन्या दोन्हीकडे बिघडतात. सकाळची पहिली लघवी द्यायची. ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या खाली ठीक. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, पाळी किंवा आदल्या दिवशीची जबर मेहनत यांनी तो खोटा वाढतो, म्हणून एका रिपोर्टवर निकाल लावत नाहीत. तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोन वेळा वाढलेला हवा. लिपिड आणि क्रिएटिनिन त्याच रक्तात उरकून घेतलं.

हे सगळे आकडे धोका किती ते सांगतात, पडदा कसा आहे ते नाही. डोळ्यात ऑक्सिजन कमी पडला की व्हीईजीएफ नावाचं प्रथिन वाढतं, त्याने वाहिन्या गळतात आणि नव्या, ठिसूळ वाहिन्या उगवतात. डोळ्यातल्या इंजेक्शनची औषधं याच प्रथिनाला अडवतात. पण रक्तातलं व्हीईजीएफ मोजून आत काय चाललंय ते कळत नाही, म्हणून रोजच्या तपासणीत ते नसतं. अश्रूंवरच्या चाचण्या अजून संशोधनातच आहेत. कुणी ‘डोळ्यांचं पॅकेज’ विकत असेल तर आधी बाहुली मोठी करून पडदा बघणार का, एवढंच विचारावं.

दुसऱ्या दिवशी आधी चष्म्याशिवाय आणि चष्म्यासह नजर, मग डोळ्याचा दाब, मग बाहुली मोठी करायचे थेंब. साखर वरखाली होत असताना नंबरही हलतो, तेव्हा घाईने चष्मा करू नये. थेंब दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा घातले. मधुमेह्यांची बाहुली आळशी असते, पाऊण तास सहज जातो. नंतर चार-सहा तास जवळचं वाचता येत नाही आणि ऊन सोसत नाही. दुपारच्या उन्हात मिरज रोडवर दुचाकी काढणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. टोपी, गॉगल आणि सोबत माणूस न्यावा.

पडद्यावर सगळ्यात आधी दिसतात ते केशवाहिन्यांचे टाचणीच्या टोकाएवढे फुगवटे, मग रक्ताचे ठिपके आणि पिवळट साठे. तोवर नजर ६/६ असू शकते. माझीही होती, तरी ओसीटीत (पडद्याच्या थरांचं प्रकाशाने केलेलं स्कॅन) एका डोळ्याला मध्यबिंदूच्या बाजूला सूज निघाली. ओसीटीची जाडी मायक्रॉनमध्ये येते; दोन कंपन्यांच्या मशीनचे आकडे थेट ताडून बघू नयेत. शक्यतो पुढच्या खेपेलाही त्याच मशीनवर काढावी, आणि फोटो पेनड्राइव्हवर मागून घ्यावेत. फ्लुओरेसिन डायचा, म्हणजे शिरेतून रंग सोडून वाहिन्यांचा, फोटो काढायचा असेल तर मळमळू शकतं, आणि एखादा दिवस लघवी गर्द पिवळी-केशरी होते. घाबरायचं कारण नाही, पण पूर्वी कशाची ॲलर्जी आली असेल तर आधीच बोलावं.

एक गोष्ट बरेच जण उलटी करतात. साखर खूप वाढली म्हणून जोरात इन्सुलिन सुरू करतात आणि डोळे ‘नंतर बघू’ म्हणतात. जुना एचबीएवनसी बराच चढा असेल आणि तो झपाट्याने खाली आला, तर पडद्याचा आधीचा बिघाड काही महिने वाढू शकतो. १९९३ साली निकाल आलेल्या डीसीसीटी या टाइप १ च्या अभ्यासात हे दिसलं होतं. त्याच अभ्यासात, सुरुवातीला पडदा निरोगी असलेल्यांत, काटेकोर साखरेने रेटिनोपॅथीचा (मधुमेहाने पडदा बिघडण्याचा) धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. म्हणजे साखर उतरवायचीच, फक्त पडदा आधी बघून. म्हणून डोळ्यांच्या रिपोर्टची झेरॉक्स त्याच संध्याकाळी साखरेच्या डॉक्टरांकडे दिली, आणि औषधाचा डोस त्यांनी तो वाचूनच ठरवला.